आठव्या थरापासून

इन्नरबाल्म, २ एप्रिल १९८८

थेओ,

पाकीट फाडायच्या आधीच तू म्हणशील, लुडविनाला अकरा वर्षांनी पत्र सुचलं म्हणजे हिला काहीतरी हवं असणार. काही नको आहे. तुझं फेब्रुवारीचं कार्ड मिळालं. सप्टेंबरात तू जावयाला आणि दोन सुतारांना घेऊन येणार, घराचा तुझा वरचा मजला ओंडका-ओंडका सुटा करणार आणि जहाजात घालून कॅनडाला नेणार, हे वाचलं. त्यावर माझं उत्तर बाबा गेले तेव्हा दिलं तेच. चिठ्ठ्या टाकल्या, खालचा मजला मला आला, वरचा तुला. पण तुझी जमीन ती माझं छत, आणि माझ्या संमतीशिवाय त्यातली खुंटीसुद्धा हलत नाही, हे तुलाही माहीत आहे. असो. त्याबद्दल लिहायला मी बसलेच नाही.

बातमी वेगळीच आहे, आणि तुला सांगितल्यावाचून मला राहवत नाही. आपल्या घराचं वय काढायला शहरातून एक बाई आल्या आहेत. रेगुला ऑडरमाट त्यांचं नाव. पंचेचाळिशीच्या असतील, बोलणं कमी, खाणं चांगलं. त्या या बाजूला सहज आल्या होत्या, आपलं घर दिसलं म्हणून थांबल्या. त्यांच्याकडे पेन्सिलीएवढी पोकळ सळई आहे. ती ओंडक्यात फिरवत फिरवत घालायची आणि बाहेर काढायची, की लाकडाची बारीक कांडी निघते. तिच्यावर झाडाचं एकेक वर्ष रेघेसारखं दिसतं. चांगला उन्हाळा झाला तर रेघ रुंद. लार्चच्या झाडांच्या पानांवर अळी पडली की त्या वर्षाची रेघ केसाएवढी. मला त्यांनी भिंगातून दाखवलं. थेओ, मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण हातातली काडी मला वाचता येत नव्हती, आता थोडी येते.

तुला आठवतं ना, शाळेत आपण काय पाठ केलं होतं? खालच्या खोऱ्याच्या सरदाराने बारा कुटुंबांना वर बोलावलं. जंगल तोडा, कुरणं काढा, जमीन पिढ्यान्‌पिढ्या तुमची, खंड कधी वाढणार नाही, आणि तुम्ही कुणाचे बांधील नाही. कातड्यावर लिहिलेला तो करार खाली उंटरबाल्मच्या चर्चमध्ये आहे, सन १३११ चं. मग बारा कुटुंबं खालून वर चढून आली. हे मी किती मुलांकडून घोकून घेतलं असेल. उंटरबाल्मवाले मात्र अजून तेच म्हणतात, की आमच्याकडचं चीज चोरताना सापडलेले बारा जण वर हाकलले, तेच हे.

रेगुलाबाईंनी वर-खाली मिळून बऱ्याच कांड्या काढल्या. तुझ्या मजल्यावर जायला किल्ली लागली नाही. दार उघडंच असतं, कारण माझं वाळवलेलं मांस तिथे टांगलेलं असतं. वारा चांगला आहे तिथे. तू रागावू नकोस, एरवी तिथे रिकामीच हवा होती.

निकाल यायला तीन आठवडे लागतील. मला झोप लागेल असं वाटत नाही.

लुडविना


इन्नरबाल्म, २४ एप्रिल

थेओ, थेओ,

आधी बैस. उभ्याने वाचू नकोस.

माझ्या मजल्याचं लाकूड १३०८ च्या हिवाळ्यात तोडलेलं आहे. म्हणजे कराराच्या कातड्याहून जुनं. आपलं घर उभं राहिलं तेव्हा सरदाराने शाई भिजवलीसुद्धा नव्हती. अंब्रोसला हे सांगितलं तर तो गाढवासारखा हसला. (तो आता सरपंच आहे, गेल्या खेपेला कुणी दुसरं उभंच राहिलं नाही.) मग तसाच उंटरबाल्मला गेला, त्यांच्या खानावळीत बसला आणि सगळ्यांना वाइन पाजून हे सांगितलं. अंब्रोसने स्वतःच्या खिशातून वाइन पाजली, यावरून तू समज.

पण खरी गोष्ट ती नव्हे. तुझा मजला १२७९ चा आहे.

पुन्हा वाच. खालचा १३०८, वरचा १२७९. आपल्या घराला आधी छप्पर आलं आणि मग भिंती. मी रेगुलाबाईंना म्हटलं, तुमच्या कांड्या उलटसुलट झाल्या असतील. त्या म्हणाल्या, मलाही तसंच वाटलं, म्हणून दोनदा मोजलं. आणि वर आणखी एक. माझ्या मजल्याचं लार्च आपल्या खोऱ्यातलं आहे. तुझं नाही. प्रत्येक खोऱ्यात अळी पडायची वर्षं वेगळी असतात, आणि तुझ्या ओंडक्यांतल्या बारीक रेघा फुर्गा खिंडीच्या पलीकडच्या जंगलाशी जुळतात. पलीकडच्या, थेओ! आपण खालून वर चढलोच नाही. आपण वरून उतरलो, बर्फावरून, आणि मी तीस वर्षं मुलांचे कान पिळून नेमकं उलटं शिकवलं.

तुझ्या ओंडक्यांच्या टोकांना भोकं आहेत ना, ज्यांत आजी सॉसेज अडकवायची आणि आता मी अडकवते? ती दोर ओवायची भोकं आहेत. मार्चमधल्या कडक बर्फावरून ओढून आणलाय तुझा मजला.

आणि कोपऱ्यांवरच्या खुणा, ज्यांना बाबा घराण्याची निशाणी म्हणायचे, ते आकडे आहेत. प्रत्येक थराला एक. सुटं केलेलं घर पुन्हा चढवताना कुठला ओंडका कुठे, ते कळावं म्हणून. तिरपा काप म्हणजे पाच, उभी रेघ म्हणजे एक. तुझा सगळ्यांत खालचा थर बाईंनी मला बोट ठेवून मोजायला लावला. तिरपा काप आणि तीन रेघा.

आठ. तुझा मजला आठपासून सुरू होतो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग पहिले सात कुठे आहेत?”

तुला काही सुचत असेल तर कळव. तू सुतार आहेस.

लु.


इन्नरबाल्म, १२ जून

थेओ,

तुझं कार्ड आलं. एका बाजूला साल्मन मासा, दुसऱ्या बाजूला दोन शब्द. “छान. सप्टेंबर.” एवढ्यासाठी पोस्टमन चढ चढून आला.

बरं, मग सरळच सांगते, कारण अंब्रोसने ते सगळीकडे सांगितलंच आहे. रेगुलाबाई सहज आल्या नव्हत्या. मीच त्यांना बोलावलं. घर जुनं ठरलं तर सरकार त्याला संरक्षण देतं आणि मग त्याची फळीसुद्धा कुणाला हलवता येत नाही, मालकालाही नाही. तुला नको म्हणून सांगून मी दमले होते, म्हटलं कायद्याने सांगावं. आता सात ऑगस्टला, चर्चमधली मिसा आटोपल्यावर, शाळेच्या खोलीत ग्रामसभा आहे. हात वर झाले की झालं. हात वर होणारच, कारण गावातला प्रत्येक जण आता माझ्या घराकडे स्वतःच्या आजोबांकडे बघावं तसं बघतो. बेकरीवालीने त्याच्या आकाराची बिस्किटं काढलीत. वरचा मजला गडद, खालचा फिका. चवीला सारखेच.

तू म्हणशील, बहीण अशी असते का? असते. लेकीला, मेलानीला, आणि नातवंडांना सोडून तुला इकडे यायचं नाही, आणि जन्मलास त्या खोलीत शेवटी निजायचं आहे, हे मला कळत नाही असं समजू नकोस. कळतं. पण तुझी खोली गेली की माझ्या डोक्यावर काय राहील, हे तू एकदाही लिहिलं नाहीस. “नवा मजला बांधून देऊ” असं अकरा वर्षांपूर्वी म्हणालास, आणि तिसऱ्या दिवशी विमानात बसलास.

गवत कापून झालं की आम्ही खिंड ओलांडणार आहोत. मी, रेगुलाबाई आणि अंब्रोस. पलीकडे वाल्डिगेन नावाचं गाव आहे. पहिले सात शोधायचेत. माझ्या वयाबद्दल काही लिहू नकोस, गुडघ्यांना मी सांगून ठेवलंय.

लुडविना


इन्नरबाल्म, १७ जुलै

थेओ,

सापडले.

क्रमाने सांगते, नाहीतर माझंच गडबडेल. पहाटे निघालो. वर बर्फ कमी होतं, पण जेवढं होतं त्यात अंब्रोस मांडीपर्यंत गेला आणि आम्हा दोघींना त्याला ओढून काढावं लागलं. तो म्हणाला, हे मी सरपंच म्हणून करतोय, माणूस म्हणून आलो नसतो. खिंडीच्या माथ्यावर मी थांबले. आपण लहानपणी इथवर यायचो, पण नेहमी इकडे तोंड करून बसायचो, आपलं गाव बघत. या खेपेला मी पलीकडे बघितलं. उतार एवढा सरळ आहे, की दोर धरून ओंडके वर चढवणारी माणसं मला दिसायलाच लागली. बायकाही असतील. कुणीतरी रडत असेल, कुणी शिव्या देत असेल, कुणाला भूक लागली असेल.

वाल्डिगेनमध्ये रेगुलाबाईंनी चार घरं बघितली, मान हलवली. पाचवं घर क्रेसेन्स नावाच्या म्हातारीचं. बाकावर वाटाणे सोलत बसली होती, ऐंशीच्या पुढची. अंब्रोसने टोपी काढून सगळं सांगितलं. आम्ही खिंडीपलीकडचे, आमच्याकडे एक वरचा मजला आहे, तो बहुधा तुमच्याकडचा असावा. म्हातारीने वाटाणे सोलायचे थांबवले नाहीत.

“एवढ्या वर्षांनी छप्पर परत करायला आलात होय?” ती म्हणाली. “ठेवा तिथे.”

मग कळलं की त्यांच्या गावात ही म्हणच आहे. कुणी गाव सोडून निघालं की म्हणतात, हा छप्पर घेऊन चालला. का म्हणतात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

रेगुलाबाई कोपऱ्याशी गुडघ्यांवर बसल्या. खालचा थर, एक रेघ. वरचा, दोन. सातापर्यंत नीट मोजलं, आणि सातव्याचं लाकूड तुझ्या आठव्याचंच निघालं, तोच हिवाळा, तेच जंगल. १२७९ मध्ये वाल्डिगेनला एक घर बांधलं गेलं, थेओ. पुढे ते दोघांत वाटलं गेलं, खालचं एकाला, वरचं एकाला. भाऊ असतील, बहिणी असतील, तुझ्यामाझ्यासारखे असतील. खालचा तिथेच राहिला. वरचा आपला मजला घेऊन डोंगर चढला आणि आपलं गाव झालं. सरदाराने बोलावलं वगैरे सगळं नंतरचं. आधी एक अर्धं घर आलं.

मी म्हटलं, म्हणजे वरच्याने खालच्याला उघड्यावर टाकलं. मला ते म्हणायला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. क्रेसेन्सने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वर्गात मागच्या बाकाकडे बघायचे.

“माझ्या डोक्यावर काय दिसतंय तुला, आभाळ?”

तिच्या घराला वरचा मजला आहेच. रेगुलाबाईंनी त्याचीही कांडी काढली. आज निकाल फोनवर कळला, म्हणून हे लिहितेय. १३०७ चं लाकूड. माझ्या मजल्याच्या एक वर्ष आधीचं. आणि ऐक, हे सगळ्यांत महत्त्वाचं. कुऱ्हाडीच्या पात्याला दात पडला असेल, तर प्रत्येक कापात एक बारीक उंचवटा राहतो. क्रेसेन्सच्या वरच्या मजल्यात तो उंचवटा आहे. माझ्या खालच्या मजल्यातही तोच आहे, त्याच जागी. एकच कुऱ्हाड. म्हणजे जाणाऱ्याने आधी मागे राहणाऱ्यासाठी नवा मजला घडवला, तो खाली जमिनीवर तयार करून ठेवला, मग आपला जुना उतरवला, नवा चढवला, आणि तेव्हाच निघाला.

रेगुलाबाई तिथे असतानाच म्हणाल्या होत्या, असा मजला चोरून नेता येत नाही. उतरवताना खालच्या माणसाला आतून टेकू धरावे लागतात, नाहीतर दोघंही चिरडले जातात.

मला त्या रात्री वाल्डिगेनला झोप आली नाही. क्रेसेन्सकडच्याच बाकावर पडले होते, तिने दिलेल्या घोंगडीला मेंढीचा वास येत होता. मी टेकूंचा विचार करत होते.

आता मला काय वाटतं, ते विचारू नकोस. मलाच अजून ठरवायचंय. सभेला तीन आठवडे आहेत.

लुडविना


इन्नरबाल्म, ८ ऑगस्ट

प्रिय थेओ,

सभा काल झाली. शाळेची खोली एवढी भरली, की मागचे लोक मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. अंब्रोसने नवा कोट घातला होता. त्याने सगळी कथा सांगितली, खिंड, ओंडके, सात आणि आठ. मांडीपर्यंत बुडाल्याचं गाळलं. लोक मधेच टाळ्या वाजवत होते. उंटरबाल्मचा एक जण दाराशी उभा होता, तो निघून गेला. शेवटी अंब्रोस म्हणाला, हे घर गावाची सुरुवात आहे, तेव्हा याला कायमचं संरक्षण मिळावं. लुडविनाने अर्ज केलाच आहे. हात वर करा.

मी उठून म्हटलं, अर्ज मी मागे घेते.

तुला तो आवाज ऐकवता आला असता तर बरं झालं असतं. बेकरीवाली म्हणाली, हिला उतारवयात खिंड बाधली. अंब्रोस खालच्या आवाजात मला म्हणाला, “अगं, बस खाली, मी पेपरवाल्याला बोलावलंय.”

मी बसले नाही. मी म्हटलं, “हे घर इथे कशामुळे आहे? तिकडे खाली राहणाऱ्या कुणीतरी एकदा ‘ने’ म्हटलं म्हणून. तिने टेकू धरले म्हणून. आज इथे खाली मी राहते.”

मी ‘तिने’ म्हटलं. ती बाई होती की पुरुष, रेगुलाबाईंनाही माहीत नाही. पण माझी खात्री आहे.

मग बराच गोंधळ झाला. कुणी म्हणालं, गावाची सुरुवातच कॅनडाला गेली तर आपल्याकडे उरलं काय? अंब्रोसच्या आईने, त्या ब्याण्णव वर्षांच्या आहेत आणि एरवी सभेत झोपतात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “वाल्डिगेनचं काय बुडालं?” अर्ज मागे घ्यायला हात वर झाले. सगळे नाही. पुरेसे.

तेव्हा ने. तुझा मजला तू ने, थेओ. मी संमती देते, सही करून खाली.

पण सप्टेंबरात नाही.

आधी माझा मजला. नव्या मजल्याला लाकूड लागतं, विकत आणलेलं नको, गावच्या जंगलातलं हवं. आणि गावच्या जंगलाचा नियम तुला मी सांगायला नको, तो त्या १३११ च्या कातड्यावरही आहे आणि आजही आहे. ज्याच्या चुलीत हिवाळाभर गावात विस्तव राहतो, त्यालाच झाडं मिळतात. विस्तव स्वतःचा, छप्पर स्वतःचं. माझ्या वाट्याची झाडं मी गेल्या साली गोठ्याला वापरली. तुझा वाटा अकरा वर्षं पडून आहे, पण तू इथे चूल पेटवलीस तरच तो मिळेल. मी सभेत विचारून घेतलं. अंब्रोस आधी म्हणाला, वरची चूल धरायची की नाही यावर विचार करावा लागेल. मग त्याच्या आईने त्याच्याकडे बघितलं आणि त्याचा विचार झाला.

म्हणजे तुला नोव्हेंबर लागायच्या आत यावं लागेल, झाडातला रस उतरतो तेव्हा. सेंट मार्टिनच्या दिवशी, अकरा नोव्हेंबरला, अंब्रोस चौकात उभा राहून धुराडी मोजतो, तेव्हा वरून धूर दिसला पाहिजे. मग झाडं तोडायची, बर्फावरून खाली ओढायची, वसंतात घडवायची, गोठ्यापुढे रचून ठेवायची, आकडे घालायचे. आठपासून, माझ्यासाठीसुद्धा. पुढच्या उन्हाळ्यात तुझा उतरवू, माझा चढवू. टेकू मी धरते.

मांस मी तुझ्या खोलीतून काढलंय. वास राहिला असेल.

तुझी,
लुडविना


इन्नरबाल्म, ३० सप्टेंबर

प्रिय थेओ,

तार मिळाली. “अर्धा हिवाळा चालेल का.”

चालणार नाही. विस्तव अर्धा नसतो. पण तू घासाघीस करतोयस म्हणजे तिकीट काढलंस, हे पोस्टमननेसुद्धा ओळखलं. तार त्यानेच आधी वाचली होती. आता गावात सगळ्यांना माहीत आहे आणि लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, किती दिवसांवर तडजोड झाली म्हणून. मी सांगते, बर्फ विचारा.

खालून येणारी शेवटची बस ऑक्टोबरअखेर बंद होते, त्याच्या आत पोच. उशीर झाला तर अंब्रोस ट्रॅक्टर पाठवेल, पण मग ते हिवाळाभर ऐकवेल. सरपण मी वर चढवून ठेवलंय. काड्यापेटी मी आत ठेवलेली नाही. ती तू आण, चूल तुझी आहे.

आणि जास्तीचे मोजे आण. संध्याकाळी सहानंतर तुझी खोली अजूनही फार थंड होते, आणि मी खालून माझ्या छतातली, तुझ्या खोलीत उघडणारी झडप उघडी ठेवणार आहे, म्हणजे माझ्या शेगडीची ऊब वर येईल आणि तुझं खोकणं खाली ऐकू येईल.

लुडविना